घरच्या चित्रीकरणाचे संकलन : परवडणारे सॉफ्टवेअर कसे निवडावे?



गणपती झाले, दिवाळीचा कार्यक्रम पार पडला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : "मुलांच्या नाटकाचे चित्रीकरण केले आहे, पण ते अडीच तासांचे आहे. कापायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? फार खर्च न होता?" त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : "आईबाबा पहिल्यांदा इकडे आले होते तेव्हाच्या टेप कपाटात पडून आहेत. त्यांचे काय करता येईल?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज सोपे आहे. घरगुती कामासाठी एक पैसाही न भरता उत्तम सॉफ्टवेअर मिळते. दुसरा प्रश्न मात्र थांबणारा नाही. टेप जुन्या होत आहेत आणि त्या वाजवणारी यंत्रे दुर्मीळ झाली आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई; तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केले. म्हणून या लेखात आम्ही दोन्ही प्रश्न एकत्र घेतले आहेत. लेख जरा लांब आहे, पण छापून संगणकाशेजारी ठेवता येईल असा करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. आधी आपल्याकडे काय आहे ते पाहा

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी घरातल्या चित्रीकरणाची यादी करा. साधारणपणे तीन प्रकार निघतात.

अ) मोबाइलवरचे चित्रीकरण. हे आधीच फाइलच्या रूपात असते. १०८०पी दर्जाचे चित्रीकरण मिनिटाला साधारण ६० मेगाबाइट आणि ४के दर्जाचे साधारण १७० मेगाबाइट जागा घेते (आयफोनवर, सेकंदाला ३० चित्रे आणि 'हाय एफिशियन्सी' हा पर्याय असताना). म्हणजे तासाभराचा ४के कार्यक्रम १० गिगाबाइटच्या आसपास जातो.

आ) मिनीडीव्ही टेप. साधारण २००० ते २०१० या काळात बहुतेक घरांत हाच कॅमेरा होता. टेपवरची माहिती डिजिटलच असते. फायरवायर वायरने ती संगणकावर उतरवली तर दर्जा कणभरही कमी होत नाही. एका तासाच्या टेपला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते.

इ) व्हीएचएस टेप. यात बहुतेक करून भारतातली लग्ने, मुंजी आणि बारशी असतात. चित्र अ‍ॅनालॉग असल्याने व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये रूपांतर करणारे लहानसे यूएसबी उपकरण लागते. ते स्वस्त असते.

तिन्ही प्रकार घरात असतील तर आधी टेप उतरवून घ्या आणि संकलनाचे नंतर बघा. मोबाइलवरच्या फाइली पुढच्या वर्षीही उघडतील. टेपचे तसे सांगता येत नाही.

२. फायरवायरची अडचण

नव्या संगणकांवर फायरवायरची जागाच नसते. मॅकवर पूर्वी दोन-तीन अडॅप्टर एकापुढे एक जोडून काम भागत असे, पण २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ मधून अ‍ॅपलने फायरवायरचा आधार काढून टाकला. तेव्हा तळघरात जुना मॅक किंवा जुना विंडोज संगणक असेल तर तो टाकून देऊ नका आणि त्याची प्रणाली अद्ययावतही करू नका. टेप उतरवण्याच्या कामाला तोच उपयोगी पडेल. मॅकवर जुने आयमूव्ही आणि विंडोजवर 'विनडीव्ही' नावाचा चिमुकला चकटफू प्रोग्रॅम एवढ्यावर हे काम होते.

कॅमेऱ्याला यूएसबीची जागा दिसली म्हणून फसू नका. बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ती फक्त फोटोंसाठी किंवा कमी दर्जाच्या चित्रासाठी दिलेली असते.

३. पाल आणि एनटीएससी : आपल्याच लोकांना छळणारा प्रश्न

हा मुद्दा इंग्रजी लेखांत सहसा नसतो, कारण तो दोन देशांत संसार असलेल्यांचा आहे. भारतात दूरचित्रवाणीची पद्धत पाल होती : सेकंदाला २५ चित्रे, ५७६ ओळी. अमेरिका आणि कॅनडात एनटीएससी होती : सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे, ४८० ओळी. त्यामुळे पुण्यातल्या लग्नाची कॅसेट न्यू जर्सीतल्या व्हीसीआरवर नीट चालत नाही. ब्रिटनमध्ये आणि बहुतेक आखाती देशांत पालच असल्याने तिथल्या वाचकांना हा त्रास नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• भारतातल्या व्हीएचएस टेपसाठी दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर लागतो. तो कुणाकडून तरी उसना मिळतो का ते आधी मंडळात विचारा. यूएसबी उपकरणाच्या सॉफ्टवेअरमध्येही 'पाल' हा पर्याय निवडा. तसे न केल्यास चित्र कृष्णधवल येते किंवा वर-खाली सरकत राहते.

• उतरवलेली फाइल २५ चित्रांचीच ठेवा. ती ३० ची करण्याच्या भानगडीत पडू नका. दर पाच चित्रांमागे एक चित्र वाढवावे लागते आणि वधूवर चालताना धक्के खाल्ल्यासारखे दिसतात. आजचे संगणक, मोबाइल आणि यूट्यूब २५ चित्रांची फाइल विनातक्रार दाखवतात.

• संकलन सुरू करताना प्रकल्पाची गती बहुसंख्य चित्रीकरणाप्रमाणे ठरवा. सगळे भारतातले जुने असेल तर २५, सगळे इथल्या मोबाइलवरचे असेल तर ३०.

• सुट्टीत भारतात गेल्यावर घरातल्या दिव्यांखाली मोबाइलचे चित्र लुकलुकते, कारण तिथली वीज ५० हर्ट्झची आणि इथली ६० हर्ट्झची. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल पद्धती दाखवण्याचा पर्याय आहे. तो चालू करून २५ चित्रांवर चित्रीकरण केले तर लुकलुक बरीच कमी होते.

४. घरगुती संकलनाला नेमके काय लागते?

जाहिरातीत शेकडो करामती दाखवतात. घरी मात्र पाचच गोष्टी लागतात : नको असलेला भाग कापणे, तुकडे मागेपुढे करणे, आवाज कमी-जास्त करणे, मराठीत शीर्षक टाकणे आणि शेवटी एमपी४ फाइल तयार करणे. मंडळाचे नाटक दोन कॅमेऱ्यांनी घेतले असेल तर सहावी गोष्ट : दोन्ही चित्रीकरणे आवाजावरून एकमेकांशी जुळवणे. या सहांच्या पलीकडच्या सोयींसाठी पैसे भरण्याआधी थांबून विचार करावा.

५. कोणते सॉफ्टवेअर?

विंडोज मूव्ही मेकर. अनेकांनी संकलनाचा श्रीगणेशा यावरच केला. ते २००० मध्ये विंडोज मी बरोबर आले आणि १० जानेवारी २०१७ ला मायक्रोसॉफ्टने ते बंद केले. त्यानंतर त्याच नावाने नकली प्रती पसरल्या आणि काम अर्धे झाल्यावर पैसे मागू लागल्या. जुन्या आठवणीने शोधायला जाऊ नका.

आयमूव्ही. घरात मॅक, आयफोन किंवा आयपॅड असेल तर सुरुवात इथूनच करावी. ते चकटफू आहे, चित्रावर कंपनीची मोहोर उमटत नाही आणि ४के पर्यंत काम करते. आठवीतला मुलगा अर्ध्या तासात शिकतो, आणि भारतातून आलेले आजोबाही दोन दुपारींत शिकतील. मर्यादा दोन. मुख्य चित्रावर आणखी एकच थर ठेवता येतो. मॅकवरची चौकट नेहमी १६:९ आडवी असते, म्हणून ४:३ च्या जुन्या टेपला दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात किंवा डोक्याचा भाग कापला जातो. काळ्या पट्ट्या पत्करा, आजीच्या कपाळावरचे कुंकू कापू नका.

क्लिपचॅम्प. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि आता हा प्रोग्रॅम विंडोज ११ मध्येच येतो. १०८०पी पर्यंतची फाइल फुकट आणि मोहोरेशिवाय मिळते. ४के साठी पैसे भरावे लागतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे कौटुंबिक वर्गणीदार असाल तर ती सोय वर्गणीतच येते. वाढदिवसाच्या पाच मिनिटांच्या फिल्मसाठी छान, तीन तासांच्या नाटकासाठी नव्हे.

शॉटकट. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारे मुक्त सॉफ्टवेअर. वर्गणी नाही, मोहोर नाही, नोंदणी नाही. जुन्या टेपसाठी आम्ही हेच सुचवतो, कारण पाल, एनटीएससी, ४:३, १६:९ अशी कोणतीही चौकट निवडता येते. टेपच्या चित्रात हालचालीच्या वेळी दिसणाऱ्या आडव्या रेघाही यात घालवता येतात. संगणकाची अपेक्षा माफक आहे : टेपच्या दर्जासाठी ४, एचडीसाठी ८ आणि ४के साठी १६ गिगाबाइट मेमरी. पहिल्या दिवशी पडदा रुक्ष वाटतो. तिसऱ्या दिवशी सवय होते.

केडीएनलाइव्ह आणि ओपनशॉट. हीही मुक्त सॉफ्टवेअर. ओपनशॉट सोपे आहे. केडीएनलाइव्ह अधिक ताकदीचे असून त्यात अनेक थर ठेवता येतात, दोन कॅमेऱ्यांचे आवाज जुळवता येतात आणि जुन्या संगणकावर मोठ्या फाइलींऐवजी त्यांच्या हलक्या प्रती घेऊन काम करता येते.

डाविंची रिझॉल्व्ह. ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीचे. चित्रपटांच्या रंगसंस्काराला वापरतात तेच. त्याची चकटफू आवृत्तीही ४के दर्जापर्यंतची फाइल मोहोरेशिवाय देते. अनेक कॅमेरे जुळवण्याची, आवाजाची, रंगाची सोय एकाच ठिकाणी आहे. मंडळाच्या नाटकाचे किंवा संगीत सभेचे काम दरवर्षी करणार असाल तर हे शिकून घेणे सार्थकी लागते. मात्र १६ गिगाबाइट मेमरी आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवे. साध्या लॅपटॉपवर ते रडतखडत चालते. सशुल्क 'स्टुडिओ' आवृत्ती अमेरिकेत बरीच वर्षे २९५ डॉलरना, एकदाच पैसे भरून मिळत आली आहे. घरगुती कामाला तिची गरज पडत नाही.

अडोबी प्रीमिअर एलिमेंट्स. सुमारे १०० डॉलर. पूर्वी एकदा घेतले की कायमचे आपले होत असे. २०२५ च्या आवृत्तीपासून परवाना तीन वर्षांचाच असतो. खोक्यावरची किंमत पाहताना हे ध्यानात घ्या.

कॅपकट. मुलांच्या मोबाइलवर बहुधा असेलच. छोट्या उभ्या चित्रफितींसाठी सोयीचे. पण १८ जानेवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेतील कायद्यामुळे टिकटॉकबरोबर तेही इथे बंद पडले आणि नंतर पुन्हा सुरू झाले. ज्यांचे अर्धे काम त्यात होते ते अडकले. दोन मिनिटांची गंमत त्यावर जरूर करा. घराण्याचा ठेवा मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका.

६. 'फुकट' आणि 'स्वस्त' यांचा हिशोब

डाउनलोडचे बटण दाबण्यापूर्वी चार प्रश्न विचारा.

१. तयार फाइलवर कंपनीची मोहोर उमटते का? काही प्रोग्रॅम हे शेवटच्या पायरीपर्यंत सांगत नाहीत.
२. किंमत एकदाची की दरमहा? दरमहा २३ डॉलर ऐकायला थोडे वाटतात, पण वर्षाला पावणेतीनशे डॉलर होतात. वर्षातून दोनदा संकलन करणाऱ्याला हे परवडणारे नव्हे.
३. वर्गणी थांबवली तर जुना प्रकल्प उघडेल का?
४. परवाना किती संगणकांसाठी आहे? नवराबायको आणि मुले मिळून काम करणार असाल तर हा प्रश्न येतोच.

सॉफ्टवेअर नेहमी मूळ कंपनीच्या किंवा प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ओळखीच्या कुणी पेन ड्राइव्हवर 'फुल व्हर्जन' दिले तर हात जोडून नको म्हणा. त्याबरोबर काय काय आत येईल याचा भरवसा नसतो.

७. मराठी शीर्षकांची परीक्षा

इंग्रजी अक्षरे सगळीकडे उमटतात. खरी कसोटी देवनागरीची. काही प्रोग्रॅममध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. प्रोग्रॅम निवडण्यापूर्वी शीर्षकाच्या जागी हे शब्द टाइप करून पाहा :

श्रीगणेशचतुर्थी, ज्ञानेश्वरी, कऱ्हाड, कीर्ती, स्त्री, षष्ठ्यब्दीपूर्ती

सगळे नीट उमटले तर प्रोग्रॅम पास. टंक युनिकोडचाच वापरा. मुक्त टंकांमध्ये मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे चांगले आहेत. 'तिरो देवनागरी मराठी' या टंकात ल आणि श ही अक्षरे आपल्या मराठी वळणाची मिळतात. जुन्या बिगर-युनिकोड टंकांत लिहिलेला मजकूर इथे चिकटवला तर निरर्थक अक्षरे दिसतात.

प्रोग्रॅम नापास झाला तरी अडत नाही. लिबरऑफिस इम्प्रेस किंवा पॉवरपॉइंटमध्ये शीर्षक लिहा, ते चित्र म्हणून पीएनजी फाइलमध्ये साठवा आणि चित्रफितीवर थर म्हणून ठेवा. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली तर कुणाला फरक कळणारही नाही. कलाकारांची नावे देताना त्या त्या कुटुंबाला एकदा दाखवून घ्या. नाव चुकलेले वर्षानुवर्षे लक्षात राहते.

८. आवाज

घरगुती चित्रफितीत चित्र थोडे हलले तरी माणसे चालवून घेतात. संवाद ऐकू आला नाही तर बंद करतात. म्हणून :

• कार्यक्रमाच्या वेळी ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवरून वेगळे ध्वनिमुद्रण घ्या आणि नंतर ते चित्राशी जुळवा. रिझॉल्व्ह, केडीएनलाइव्ह आणि शॉटकट तिन्हींत आवाजावरून जुळवण्याची सोय आहे. सुरुवातीला एक मोठी टाळी वाजवली तर हातानेही जुळवता येते.

• पंख्याची घरघर, टेपची खरखर कमी करायला ऑडॅसिटी हे चकटफू सॉफ्टवेअर पुरते. फार जोर लावू नका, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

• मोबाइलचे चित्रीकरण सेकंदाला नेमके ३० चित्रांचे नसते, ते कमी-जास्त होत राहते. लांब फाइलीत त्यामुळे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. हँडब्रेक या चकटफू प्रोग्रॅममधून 'स्थिर गती' हा पर्याय निवडून फाइल आधी काढून घ्यावी. शॉटकट अशी फाइल ओळखून स्वतःच रूपांतराचे विचारते.

• जुन्या टेपमध्ये आईच्या बोलण्यावर चित्रपटगीत चढवण्याचा मोह टाळा. एक तर यूट्यूब असे गाणे ओळखते आणि चित्रफीत अडवू शकते. दुसरे म्हणजे वीस वर्षांनी मुलांना ते गाणे कुठेही मिळेल, आजीचा "जेवलास का रे?" फक्त या टेपवर आहे.

९. आणखी दोन अडचणी

आयफोन १२ पासूनचे फोन एचडीआर पद्धतीने चित्रीकरण करतात. साध्या प्रोग्रॅममध्ये असे चित्र भगभगीत किंवा फिकट दिसते. चित्रीकरणापूर्वीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद करणे सर्वांत सोपे. आणि विंडोजवर फोनची फाइल उघडतच नसेल तर फोनमध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' हा पर्याय निवडून चित्रीकरण करा. फाइली मोठ्या होतात, पण सगळीकडे उघडतात.

१०. निर्णय कसा घ्यावा?

• मॅक किंवा आयफोनवाले कुटुंब, लहान फिल्म : आयमूव्ही.
• विंडोज ११, लहान फिल्म : क्लिपचॅम्प.
• जुन्या टेप, जुना संगणक : शॉटकट.
• मंडळाचे नाटक, दोन-तीन कॅमेरे, दमदार संगणक : डाविंची रिझॉल्व्ह.
• तेच काम, पण संगणक साधा : केडीएनलाइव्ह.

निवडलेल्या प्रोग्रॅमवर आधी दोन मिनिटांची फिल्म शेवटपर्यंत करून पाहा. कापा, मराठी शीर्षक द्या, फाइल काढा आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावा. इथे अडला नाही तर मोठे काम हाती घ्या.

११. काम झाल्यावर

तयार फाइल १०८०पी, एमपी४, एच.२६४ या पद्धतीने काढा. सेकंदाला १० मेगाबिट हा दर ठेवला तर तासाची फाइल सुमारे साडेचार गिगाबाइटची होते आणि जवळजवळ कोणत्याही टीव्हीवर चालते. सॉफ्टवेअरची स्वतःची प्रकल्प-फाइल म्हणजे चित्रफीत नव्हे. ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सहसा उघडत नाही, म्हणून एमपी४ काढल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नका.

टेपवरून उतरवलेल्या मूळ फाइली पुसू नका. तीन प्रती ठेवा : एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत भारतातल्या भावाबहिणीकडे ठेवली तर सुरक्षाही होते आणि त्यांना पाहायलाही मिळते. प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि प्रसंग लिहा. 'नवीन फाइल २' असे नाव पुढच्या पिढीला काहीच सांगणार नाही.

भारतात पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर दर्जा फार घसरतो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. २ गिगाबाइटपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. त्याहून मोठी असेल तर यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून दुवा कळवा.

शेवटी एक विनंती. टेप उतरवताना घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवा आणि पडद्यावर कोण कोण आहे ते विचारून लिहून घ्या. पंगतीत वाढणाऱ्या त्या मावशी कोण, आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभे असलेले ते गृहस्थ मुलाकडचे की मुलीकडचे, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. ते सांगणारी माणसे आज आहेत.

टेप उतरवायला दोन्ही पद्धतींचा व्हीसीआर किंवा फायरवायर असलेला जुना संगणक ज्यांच्याकडे चालू स्थितीत असेल त्यांनी मंडळाला जरूर कळवावे. एका यंत्रावर अनेक घरांचे काम होईल.